चंद्रावरच्या बर्फाचं गणित

प्रश्न : चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळचा बर्फ खणून पाणी, प्राणवायू आणि रॉकेटचं इंधन मिळेल असं वाचतो. हे कितपत शक्य आहे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : शक्य आहे, पण अडचण बर्फापेक्षा विजेची आहे.

आधी माती. ९ ऑक्टोबर २००९ रोजी नासाच्या एलक्रॉस मोहिमेत रॉकेटचा रिकामा टप्पा चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या केबियस विवरात आदळवला. उडालेल्या धुरळ्यात वजनाने सुमारे ५.६ टक्के पाणी निघालं. त्यात अधिकउणे २.९ची अनिश्चितता. म्हणजे १ टन पाण्यासाठी १८ टन माती, आणि आकडा खालच्या टोकाचा निघाला तर ३७ टन. गुरुत्व एक षष्ठांश असल्याने साधा जेसीबी तिथे माती उकरण्याऐवजी स्वतःच उचलला जाईल. म्हणून नासाच्या रॅसर या माती खणणाऱ्या यंत्राला पुढे-मागे उलट दिशांनी फिरणारे ड्रम आहेत. एकाचा जोर दुसरा मारतो.

ही माती बंद भांड्यात तापवायची. निर्वातात बर्फ वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. ती थंड पत्र्यावर धरायची. वाटेत नळीचा एखादा भाग गार राहिला, की वाफ तिथेच गोठून नळी तुंबते. झाकणाच्या सीलमध्ये चंद्राची धारदार धूळ अडकली, की गळती सुरू. शिवाय त्या धुरळ्यात हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनियाही सापडले होते. पाणी नीट शुद्ध केलं नाही तर विघटनयंत्राचा, म्हणजे विजेने पाण्यातला ऑक्सिजन आणि हायड्रोजन वेगळा करणाऱ्या यंत्राचा, पडदा खराब होतो.

आता वीज. १ किलो पाण्याच्या विघटनाला ५ ते ६ युनिट लागतात. रोज १ टन म्हटलं, तर अखंड सव्वादोनशे किलोवॅटच्या आसपास, आणि वायू द्रवरूप करण्याचा खर्च वेगळा. बर्फ टिकलाय तो कायम सावलीत असल्यामुळेच. त्यामुळे सौरपट्ट्या विवराच्या काठावर लावून केबल खाली सोडायची, नाहीतर छोटी अणुभट्टी न्यायची.

१ किलो पाण्यातून ८८९ ग्रॅम ऑक्सिजन आणि १११ ग्रॅम हायड्रोजन मिळतो. रॉकेटच्या इंजिनाला ऑक्सिजन आणि हायड्रोजनचं प्रमाण वजनाने साधारण ६ ला १ लागतं, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम ऑक्सिजन उरतो. माणसाला श्वासासाठी दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम पुरतो. जमेची बाजू एवढीच, पण मोठी.

प्रत्यक्षात ध्रुवाजवळ १ मीटर खोल जाऊ शकणारं ड्रिल घेऊन मार्च २०२५ मध्ये एका अमेरिकी कंपनीचं अथीना यान उतरलं आणि आडवं झालं. ड्रिल हललं, मातीत गेलं नाही.

प्रश्न : लघुग्रहांवरून प्लॅटिनम आणणं परवडेल का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही. नासाच्या ऑसायरिस-रेक्स यानाने बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम माती आणली. मोहिमेचा खर्च १ अब्ज डॉलरच्या वर.

प्रश्न : खणलेला माल मालकीचा कुणाचा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : १९६७च्या आंतरराष्ट्रीय अवकाश करारानुसार चंद्रावर कुठल्याही देशाला हक्क सांगता येत नाही. काढलेल्या मालाबद्दल मात्र त्यात स्पष्ट काही नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये कायदा करून तो माल काढणाऱ्याचा मानला. भारताने जून २०२३ मध्ये आर्टेमिस करारावर, म्हणजे चंद्रमोहिमांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या करारावर, सही केली. त्यातही उत्खनन म्हणजे आपोआप देशाचा ताबा नव्हे, असंच म्हटलंय. आमच्या मते खरी ओढाताण मातीवरून होणार नाही, विवरांच्या काठावरच्या भरपूर उन्हाच्या जागांवरून होईल. त्या मोजक्याच आहेत.