उजळणी मोलपासून सुरू कर

रसायनशास्त्राची उजळणी करताना पहिल्या धड्यापासून वाचत बसू नकोस. आधी मोल (पदार्थातले कण मोजायचं एकक) पक्का कर; वायू, द्रावणं, अभिक्रियांची गणितं, सगळी त्याच्यावरच उभी आहेत. पुस्तक मिटून हे सोडव: ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजनपासून पाणी किती मिळेल? ग्रॅम बघितले तर हायड्रोजनच कमी वाटतो. पण ग्रॅमना रेणुवस्तुमानाने भागून मोल काढ: हायड्रोजन २, ऑक्सिजन ०.५. ऑक्सिजनच्या एका रेणूला हायड्रोजनचे दोन लागतात, म्हणजे आधी संपतो तो ऑक्सिजन. पाणी १८ ग्रॅम, हायड्रोजन उरला २ ग्रॅम. बेरीज २०, ताळा जुळला. हा ताळा दर वेळी करच.

मग आवर्तसारणी. नुसते कल पाठ करू नकोस, कारण सांगता यायला हवं. डावीकडून उजवीकडे जाताना अणू लहान का होतो? केंद्रकातला धनप्रभार वाढतो, बाहेरचं कवच तेच राहतं, त्यामुळे इलेक्ट्रॉन आत ओढले जातात. हे कळलं की आयनीभवन ऊर्जेचा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचा) कलही बहुतेक सुटतो.

मग सामू (pH, म्हणजे आम्लतेचं माप). तो ५ वरून ३ वर आला तर हायड्रोजन आयनांची संहती (द्रावणातलं प्रमाण) १०० पट होते. इथे बरेच जण दुप्पट लिहून मोकळे होतात. व्याख्या शेवटी बघ, चालेल. एककं मात्र प्रत्येक पायरीत लिही.