श्वासातली बुरशी शरीराला कळते कशी?

प्रश्न : पावसाळ्यात भिंतींना, धान्याला बुरशी येते. तिचे बीजाणू रोज श्वासातून आत जात असणार. मग आपण सगळेच आजारी का पडत नाही? शरीर तिला ओळखतं कसं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : फुप्फुसात सर्वाधिक त्रास देणारी बुरशी म्हणजे अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस. तिचा बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचा असतो, त्यामुळे नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव चुकवून तो थेट वायुकोशांपर्यंत पोचतो. असे शेकडो बीजाणू प्रत्येकाच्या फुप्फुसात रोज जातात.

सुप्त बीजाणूवर रॉड-ए या प्रथिनाचं पाणी न धरणारं आवरण असतं आणि त्याखाली मेलॅनिनचा थर. जी खूण पांढऱ्या पेशींना पटकन कळते, ती बीटा-ग्लुकान नावाची साखरसाखळी या दोन थरांखाली दडलेली असते. २००९ साली संशोधकांनी हे प्रथिनाचं आवरण काढून पाहिलं, तेव्हा एरवी निमूट राहणाऱ्या बीजाणूंनीच प्रतिकारपेशी चेतवल्या.

उबदार, ओलसर वायुकोशात बीजाणू काही तासांत फुगतो, आवरण फाटतं आणि बीटा-ग्लुकान उघडं पडतं. वायुकोशातल्या मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींवर डेक्टिन-१ नावाचा रिसेप्टर, म्हणजे खूण ओळखणारं प्रथिन, असतो. तो ही साखळी पकडतो. पेशीच्या आत सिक आणि कार्ड-९ या प्रथिनांमार्फत संदेश जातो, पेशी बीजाणू गिळते आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींना बोलावणं धाडते. म्हणजे शरीर खरी दखल घेतं ती बीजाणू उगवू लागल्याची. आणि हे योग्यच आहे. प्रत्येक सुप्त बीजाणूवर दाह उसळला असता, तर त्या दाहानेच फुप्फुस निकामी झालं असतं.

डेक्टिन-१ एकटा नाही. टोल-सारखे रिसेप्टरही या कामात असतात. त्यांचं नाव ज्या टोल जनुकावरून पडलं, ते बिघडलेल्या फळमाश्या याच बुरशीने मरतात, हे १९९६ मध्ये झ्यूल हॉफमन यांच्या स्ट्रासबर्गच्या प्रयोगशाळेने दाखवलं. २०११ च्या नोबेलमागे हे काम होतं.

बीजाणूतून तंतू फुटला की तो एका पेशीला गिळता येत नाही. तिथे न्यूट्रोफिल त्याला वेढून ऑक्सिजनपासून बनवलेली जहाल रसायनं सोडतात. क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात विकारात नेमकी हीच रसायनं बनत नाहीत. बुरशी ओळखली जाते, पण मरत नाही. केमोथेरपीत न्यूट्रोफिल प्रति मायक्रोलिटर ५०० च्या खाली गेले की धोका वाढतो, तोही याच कारणाने. स्टेरॉइडच्या मोठ्या डोसात मात्र फसगत होते : रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिलची संख्या वाढलेली दिसते, पण पेशींची मारक शक्ती घटलेली असते. तेव्हा आकडा चांगला आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

प्रश्न : वडिलांना पूर्वी टीबी झाला होता. आता चार महिने खोकला आहे, वजन घटतंय. सीटी स्कॅनमध्ये जुन्या पोकळीत ‘फंगल बॉल’ (बुरशीचा गोळा) दिसला. पण रक्ताची गॅलॅक्टोमॅनन तपासणी निगेटिव्ह आली. मग बुरशी नाही असं समजायचं का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही. गॅलॅक्टोमॅनन ही वाढत्या तंतूंतून सुटणारी साखर. तंतू रक्तवाहिन्यांत घुसले तर ती रक्तात सापडते. वडिलांच्या बाबतीत बुरशी पोकळीत बसलेली आहे. रक्तात फार थोडं उतरतं आणि तेवढं शाबूत प्रतिकारपेशी साफ करतात. इथे विचारायची तपासणी म्हणजे अ‍ॅस्परजिलस आयजीजी अँटीबॉडी. बुरशी महिनोन्‌महिने आत असल्यामुळे शरीराने तिच्याविरुद्ध अँटीबॉडी बनवलेल्या असतात. केमोथेरपीच्या रुग्णात गणित उलटं : शरीर अँटीबॉडी बनवू शकत नाही, म्हणून तिथे गॅलॅक्टोमॅनन उपयोगी.

थुंकीची टीबीसाठी तपासणी, कल्चरसह, आधी व्हायलाच हवी. अशा रुग्णांना टीबी उलटला असं समजून पुन्हा टीबीची औषधं सुरू होतात आणि बुरशी तशीच राहते, हे टाळता येण्याजोगं आहे. दोन्ही आजार एकत्र निघाले तर डॉक्टरांना आवर्जून विचारा, कारण रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे इट्राकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाची रक्तातली पातळी इतकी घसरते की ते निरुपयोगी ठरतं.

इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनी ती नीट शोषली जात नाही, तेव्हा पँटोप्राझोल चालू असेल तर सांगा. उपचार किमान सहा महिने चालतो. दोनेक आठवड्यांनी रक्तातली औषधाची पातळी मोजून घ्यावी. पायांवर सूज किंवा धाप दिसली तर लगेच कळवा, हे औषध अशक्त हृदयाला झेपत नाही. आणि खोकल्यातून रक्त पडलं, तर प्रमाण थोडं असलं तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पोकळीच्या भिंतीतल्या फुगलेल्या रक्तवाहिन्यांतून अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो.