शोरूममध्ये उरलेली नवी की थोडी चाललेली जुनी? ऑफ-रोड बाईक घेणाऱ्यांचे प्रश्न

पावसाळा सरला की कच्च्या रस्त्यांवर बाईक घालायची इच्छा असलेल्यांची पत्रं वाढतात. यावेळी बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: शोरूममध्ये मागच्या वर्षीपासून पडून असलेली कोरी गाडी घ्यावी, की कुणीतरी थोडी चालवून विकायला काढलेली? निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देतो.

प्रश्न (सातारा): हिरोची एक्सपल्स २०० फोर-व्ही घ्यायची आहे. शोरूममध्ये गेल्या वर्षी बनलेली नवी गाडी शिल्लक आहे, त्यावर १२ हजार सूट देतात. दुसरीकडे तीच गाडी दीड वर्ष वापरलेली, मीटरवर ७ हजार किलोमीटर, नवीच्या ऑन-रोड किमतीपेक्षा ४५ हजारांनी कमी. कोणती घेऊ?

आधी नव्या गाडीवरची सूट पुरेशी आहे का ते बघू. गाडी कोरी असली तरी आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष येतं. चार वर्षांनी तुम्ही विकायला काढाल तेव्हा घेणारा तेच वाचून भाव पाडेल. विम्यात घसाऱ्याचा ठरलेला तक्ता असतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०. शोरूमशी बोलताना मी हाच तक्ता पुढे करतो. दीड लाख एक्स-शोरूमच्या गाडीला वर्ष होत आलं असेल, तर १५ टक्क्यांनी साडेबावीस हजार होतात. सगळे मिळणार नाहीत, पण बोलणी तिथून सुरू करा. १२ हजारांत विषय संपवू नका.

उभ्या गाडीचंही नुकसान होतं. बॅटरी बसते, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ‘२३२४’ म्हणजे २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नवी बॅटरी, नवं ब्रेक फ्लुइड आणि वॉरंटी विक्रीच्या दिवसापासून सुरू होईल, या तीन गोष्टी बिलावर लिहून घ्या. तोंडी शब्दावर टोकन देऊ नका.

तरीही तुमच्या जागी मी वापरलेली घेतली असती, अर्थात ती तपासणीत उतरली तर. ऑफ-रोड शिकताना गाडी पडते. चिखलात पडते, वळणावर पडते, नुसती उभी करतानाही पडते. कोऱ्या गाडीवर पहिला ओरखडा येऊ नये म्हणून माणूस सहा महिने डांबरी रस्ता सोडत नाही, आणि मग ती घेतली कशासाठी? शिवाय आधीच्या मालकाने हँड गार्ड, इंजिनाखालची जाड प्लेट, हँडल उंच करणारे रायझर असं बरंच काही बसवलेलं असतं. त्या सामानाचा भाव जुन्या गाडीत जवळजवळ शून्य धरला जातो. ४५ हजार वाचले तर घोट्याच्या वरपर्यंत येणारे चांगले बूट, गुडघ्याचे गार्ड, दातेरी टायर आणि एखादं दोन दिवसांचं प्रशिक्षण यांत घाला. पहिल्या वर्षी या खर्चाचा उपयोग कोऱ्या गाडीपेक्षा खूप जास्त होतो.

प्रश्न (नाशिक): ‘फक्त ५ हजार किलोमीटर, ऑफ-रोडला नेलीच नाही’ असं प्रत्येक विकणारा सांगतो. खरं कसं ओळखायचं?

मीटरवरून ओळखता येत नाही. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढ चढत घालवलेला तास मीटरवर दहा-बारा किलोमीटरच दाखवतो, पण इंजिन आणि क्लच त्या तासात भरपूर राबलेले असतात. म्हणून गाडीच बघायची.

सकाळी जा, आणि आधी चालू करून ठेवू नका असं मालकाला फोनवरच सांगा. पोहोचल्यावर इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर थंड गाडी चालू व्हायला त्रास देते, ही शंका धरा.

मग एअर फिल्टर. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच, आणि ती जवळजवळ कुणी करत नाही. झाकण उघडून फिल्टर बाहेर काढायला सांगा. फिल्टर मळलेला असणारच, त्याचं काही नाही. फिल्टरच्या पलीकडे, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीत स्वच्छ पांढरं फडकं बोटाला गुंडाळून आत फिरवा. फडकं स्वच्छ निघालं तर मालकाने गाडीची निगा राखली आहे. त्यावर तांबूस बारीक माती आली, तर ती धूळ फिल्टरला वळसा घालून इंजिनात गेली आहे, आणि पिस्टन, रिंगा, सिलिंडर झिजवत राहिली आहे. अशी गाडी कितीही चकचकीत असली तरी मी पुढे बोलणीच करत नाही.

पुढच्या शॉकअपच्या नळ्यांवरून नख फिरवा. दगडाने पडलेली बारीक खाच नखाला लागते, आणि ती खाच दर वेळी ऑइल सील फाडते. इंजिनाखाली भक्कम स्टूल सरकवून पुढचं चाक अधांतरी करा आणि हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध कुठे अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. स्क्रू ड्रायव्हरने चाकाच्या आऱ्या एकेक वाजवा. घट्ट आरी खणखणते, ढिली बद्द आवाज देते. एक-दोन ढिल्या चालतात, पण एकाच बाजूच्या पाच-सहा ढिल्या निघाल्या आणि त्याच जागी रिमला पोचा दिसला, तर गाडी जोरात आपटली आहे. ऑइलच्या काचेत रंग दुधाळ दिसला तर ओढ्यात पाणी आत गेलं होतं. मागच्या स्प्रॉकेटचे दाते एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील, तर चेन-सेट बदलायला आला.

कोन सेट, चेन-सेट, सील, आऱ्या हा घासाघिशीचा माल, त्यांचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. धूळ खाल्लेलं इंजिन, दुधाळ ऑइल किंवा चॅसीवर वेल्डिंगची खूण दिसली तर निघून या. लिव्हरच्या टोकांवरचे आणि फुटरेस्टवरचे ओरखडे मात्र मनावर घेऊ नका. ते चालत्या माणसाच्या वेगाने पडल्याचे असतात.

शेवटी अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर सांगून जुन्या सर्व्हिसच्या नोंदी मागा. प्रत्येक नोंदीत तारीख आणि किलोमीटर असतात, त्यामुळे मीटर मागे फिरवला असेल तर तिथे उघड होतं.

प्रश्न (नागपूर): शोरूमवाले म्हणतात गाडी कोरीच आहे, फक्त पासिंग त्यांच्या नावावर झालंय. ३० हजार कमी लावतात. यात धोका आहे का?

फसवणूक असेलच असं नाही. नियम बदलताना असं घडतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ एप्रिल २०१७ पासून बीएस-३ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ या जुन्या प्रदूषण मानकांच्या गाड्यांची विक्री थांबली. दोन्ही वेळी मुदतीआधी शोरूममध्ये भरमसाठ सूट होती, आणि उरलेल्या काही गाड्या विक्रेत्यांनी स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवल्या. महिन्याचं उद्दिष्ट गाठायलाही असं केलं जातं.

पण कागदावर तुम्ही दुसरे मालक होता. पासिंगची १५ वर्षं, वॉरंटी, पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा, सगळं त्यांच्या तारखेपासून धावू लागलेलं आहे. तेव्हा तिचा भाव थोड्या वापरलेल्या गाडीचा धरा. वॉरंटी कोणत्या तारखेला सुरू झाली ते कंपनीच्या ग्राहक सेवेकडून स्वतः विचारून घ्या.

ती गाडी टेस्ट राइडची तर नाही ना, हेही स्पष्ट विचारा. टेस्ट राइडच्या ऑफ-रोड बाईकवर दिवसभर अनोळखी माणसं बसतात, थंड इंजिनावर रेस करतात, क्लच अर्धा दाबून चढावर धरतात. तिचे ८०० किलोमीटर मला एखाद्या मालकाच्या ८ हजारांपेक्षा जास्त भीतीदायक वाटतात.

प्रश्न (ठाणे): ऑफ-रोड बाईकच्या वापरलेल्या किमती सध्या खूप वरखाली दिसतात. २०२४ मध्ये घेतलेल्या गाडीचा मालक ‘मी एवढ्याला घेतली’ असं म्हणून भाव सोडत नाही.

त्याने कितीला घेतली यावर आजचा भाव ठरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. कर धरून १ लाख २८ हजारांना मिळणारी गाडी त्याने १ लाख १८ हजारांवर येते, म्हणजे जवळपास ८ टक्के खाली. वापरलेल्या गाडीची घट आजच्या नव्या किमतीपासून मोजायची. ३५० सीसीच्या वर उलट झालं. तिथे सेससह ३१ टक्के होते, ते ४० झाले. कंपनीने भार स्वतः उचलला नसेल तर रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४५० सारख्या गाड्यांत वापरलेलीचा मालक भाव धरून बसणारच, आणि त्याचं म्हणणं चुकीचं नाही.

आयात गाड्यांत याहून जपून. कावासाकीची केएलएक्स २३० डिसेंबर २०२४ मध्ये भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम ३ लाख ३० हजार होती. पुढे इथे बनू लागल्यावर ती १ लाख ९९ हजारांवर आली. सुरुवातीला घेणाऱ्यांचं वाईट वाटतं, पण त्यांचा तोटा तुम्ही भरून देऊ शकत नाही. तिथे वापरलेलीचा भाव २ लाखांच्या खालूनच सुरू व्हायला हवा. आणि त्याच नावाच्या ‘आर’ प्रकाराला पासिंग होत नाही, ती फक्त ट्रॅकवर आणि खासगी जागेत चालवायची. जाहिरातीत हे अनेकदा लिहिलेलं नसतं.

प्रश्न (सावंतवाडी): म्हापशात गोवा पासिंगची ॲडव्हेंचर बाईक स्वस्तात मिळते आहे. घ्यावी का?

आरसीच्या नोंदी नीट वाचा. गोव्यात भाड्याने देण्याच्या दुचाकींना काळी पाटी आणि पिवळी अक्षरं असतात. पुढे ती खासगीत बदलली की पाटी पांढरी होते, गाडी मात्र तीच राहते. भाड्याची निघाली तर सोडून द्या.

किनाऱ्यावरच्या गाडीला खारी हवा लागलेली असते. ती वरून दिसत नाही, वाकून खालून बघावी लागते. आऱ्यांची टोकं, सायलेन्सरचे जोड, इंजिनाखालचे बोल्ट गंजून एकजीव झाले असतील, तर पुढे प्रत्येक दुरुस्तीत बोल्ट तुटेल.

कागदांचं काम होतं, पण वेळ लागतो. गोव्याच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, नाव बदलण्याचे २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेच्या पत्रासह ३५. मग सिंधुदुर्गात एमएच-०७ चा नंबर घेताना महाराष्ट्राचा कर गाडीच्या वयानुसार भरावा लागेल. हा सगळा खर्च धरूनही भाव कमी पडत असेल तरच जा. एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.

प्रश्न (कोल्हापूर): माझी उंची ५ फूट १ इंच आहे. घरचे म्हणतात ही गाडी तुझ्यासाठी नाही. मला एक्सपल्सच आवडते. नवी घेऊन खाली करून घेऊ की वापरलेली?

ताई, गाडी तुमच्यासाठी आहे, फक्त प्रो प्रकार घेऊ नका. त्याची सीट ८९१ मिलिमीटरवर आहे, साध्या प्रकाराची ८२५ च्या आसपास. हा फरक तुमच्या उंचीला फार मोठा आहे.

वापरलेली घ्या, कारण तुम्हाला ती कापायची आहे. सीटचा फोम चांगल्या कारागिराकडून कडेने तासून घेतला की पाय सरळ खाली येतात. नव्या सीटला हात लावायचा जीव होत नाही, आणि नव्या गाडीची सस्पेन्शन लिंक, म्हणजे मागच्या शॉकअपला जोडणारा दुवा, बदलली तर वॉरंटीवरून वाद होतो. लिंकने गाडी खाली करायचं ठरलंच तर दोन कामं सोबत करावी लागतात. पुढचे फोर्क, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळ्या, तेवढेच वर सरकवायचे, नाहीतर हँडल सुस्त होतं. आणि साइड स्टँड कापून आखूड करायचा, नाहीतर गाडी सरळ उभी राहते आणि थोड्या उतारावरही पलीकडे कलंडते. अनेकजण स्टँडचं विसरतात.

दोन्ही पाय टेकायलाच हवेत असं नाही. थांबताना एका बाजूला सरकून एक पाय पूर्ण टेकवायची सवय रिकाम्या मैदानात आठवडाभरात होते. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे गाडी पडली तर उचलता येणं. तिचं वजन १६० किलोच्या आसपास आहे. घेण्याआधी मालकाची परवानगी घेऊन ती गवतावर आडवी ठेवा, गिअरमध्ये टाका, पाठ सीटला लावून एक हात हँडलला आणि दुसरा मागच्या कडीला धरून पायांच्या जोरावर मागे चालत उचला. पाठीने उचलायला जाऊ नका. दोनदा उचलता आली तर तिथेच टोकन द्या.