बर्फात जायचंय? आधी तारीख सांगा

प्रश्न : आम्ही चौघं, मुलं ९ आणि १३ वर्षांची. नाताळच्या सुट्टीत स्कीइंग शिकायचंय. गुलमर्ग, औली की मनाली? (राजारामपुरी)

नाताळ म्हणालात, तिथंच गाडी अडली. हिमालयातला हिवाळी बर्फ भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी झंझावातांच्या भरवशावर असतो. आपल्याकडे मृग लांबतो ना, तसेच तेही लांबतात. काश्मीरची कडाक्याची थंडी, चिल्लई कलान, सुरू होते २१ डिसेंबरला आणि चालते ४० दिवस. म्हणजे तुम्ही पोचणार ते अगदी तोंडाशी. जानेवारी २०२४ मध्ये तर महिना संपत आला तरी गुलमर्गची कुरणं उघडीच होती. शाळेला आठवडाभर दांडी चालत असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी गाठा. नसेलच चालत, तर गुलमर्ग. गाव सुमारे २,६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा, म्हणजे तारेवरच्या पाळण्याचा, पहिला टप्पा ३,००० मीटरच्या वर, कोंगडोरीला नेऊन सोडतो. खाली नसला तरी तिथं बर्फ मिळण्याची आशा जास्त.

उत्तराखंडातल्या औलीचा उतार शिकायला मला फार आवडतो. तिथल्या सरकारी पर्यटन संस्थेचे, गढवाल मंडळ विकास निगमाचे, सात आणि चौदा दिवसांचे वर्गही असतात. पण पायथ्याच्या जोशीमठची जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तिथून वर जाणारा रोपवे बंद झाला, आणि ऋषिकेशपासूनचा घाट मुलांना घेऊन दिवसभराचा आहे. मनालीजवळचं सोलंग हे घसरगुंडी, फोटो आणि मॅगीसाठी ठीक. त्या गर्दीत स्की शिकणं म्हणजे शनिवारी महाद्वार रोडवर सायकल शिकणं.

प्रश्न : शिकायला किती दिवस लागतात? साहित्य इथूनच घ्यावं का? (इचलकरंजी)

तीन दिवसांत थांबणं आणि वळणं जमतं, पाच दिवसांत मजा यायला लागते. एका दिवसाच्या ‘पॅकेज’मध्ये फक्त पडणं जमतं. पहिला धडा थांबण्याचाच : पुढची टोकं जवळ, टाचा बाहेर, गुडघे वाकलेले. घरून निघण्यापूर्वी महिनाभर बैठका मारा. कोल्हापूरकरांना हे सांगायला नको, पण आजकाल सांगावं लागतं.

स्की, बूट, काठ्या तिथं भाड्यानं घ्या. बुटावर मात्र वेळ घालवा. उभं राहिल्यावर बोटं पुढं जेमतेम टेकावीत, गुडघा वाकवला की टाच उचलली जाऊ नये. मोजा एकच, लांब. दोन मोजे घातले की सुरकुत्या पडून पाय सोलतो. हेल्मेट मागून घ्या, ते आपणहून देतीलच असं नाही. पाणी न शिरणारे हातमोजे, तशीच पँट, गॉगल आणि सनस्क्रीन इथून न्या. मी पहिल्या वेळी जीन्स घालून गेलो होतो. दुपारपर्यंत ती भिजली आणि संध्याकाळी पत्र्यासारखी उभी राहिली. बायको अजून तो किस्सा पाहुण्यांना सांगते.

प्रश्न : आई ६६ वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू आहे. गोंडोलात नेऊ का? (गडहिंग्लज)

डॉक्टरांना विचारून, पहिल्या टप्प्यापर्यंत. तेही पोचल्या दिवशी नको, एक रात्र गुलमर्गला काढून. दुसरा टप्पा विसरा.

प्रश्न : आम्ही तालमीच्या फुटबॉल संघातली सहा पोरं. बेबी स्लोप वगैरे नको, थेट अफरवटवरून उतरायचंय. (शिवाजी पेठ)

नाद खुळा! पण थांबा. कोल्हापूर साधारण ५५० मीटरवर, अफरवटचं गोंडोला स्थानक, म्हणजे दुसऱ्या टप्प्याचं टोक, ३,९०० च्या वर. दमसास कितीही असला तरी तिथं पहिले दोन दिवस धाप लागते. शिवाय वरचा उतार बहुतांश न दाबलेला, मोकळा बर्फ आहे आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. तिथं वाटाड्या, बर्फाखाली गाडलेल्याला शोधणारं यंत्र, फावडं आणि ते वापरायची सवय हवी. नवख्याला यातलं काहीच नसतं. चार दिवस खालच्या उतारावर घाला, पाचव्या दिवशी प्रशिक्षक म्हणाला तर कोंगडोरीवरून उतरा. अफरवट पुढच्या वर्षी.

गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढा. वारा सुटला की वरचा टप्पा बंद होतो, म्हणून एक दिवस हातात राखा. बर्फ पडल्यावर गुलमर्गच्या वाटेवरच्या टंगमर्गच्या पुढं चाकांना साखळ्या लागतात, गाडी ठरवतानाच विचारा. आणि आपल्याकडचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही. सहापैकी एकाकडे तरी पोस्टपेड असू द्या, नाहीतर घरच्यांना वाटायचं पोरं बर्फातच राहिली.