लहान कॉलेज, एकच हॉस्टेल आणि तुमचे प्रश्न

यावेळी पत्रं जवळजवळ सगळी हॉस्टेलवरून आलीत, त्यातही कृषी महाविद्यालयांतून जास्त. साहजिकच आहे म्हणा, राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही आपली चार कृषी विद्यापीठं, त्यांची आणि त्यांच्याशी जोडलेली कॉलेजं बरीचशी गावाबाहेर, शेतांच्या मधोमध, मुलं तिथेच राहतात, तिथेच जेवतात, तिथेच भांडतात. मी अशाच एका कॉलेजात बरीच वर्षं रेक्टर होते त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे, उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न : ताई, मी बीड जिल्ह्यातली, कोकणात एका छोट्या कॉलेजला बीएस्सी अ‍ॅग्री फर्स्ट इयरला आहे. अ‍ॅडमिशन शेवटच्या राउंडला झाली, मी आले तोवर सगळ्यांचे ग्रुप झालेले. रूममेट दोघी एकाच तालुक्यातल्या, त्यांचं त्यांचं चालू असतं. गावात जायचं तर एसटीची वाट बघा, रविवार तर संपता संपत नाही. कार्यक्रम होतात पण मला ना गाता येतं ना नाचता येतं. पुढच्या वर्षी कॉलेज बदलू का?

उत्तर : कॉलेज बदलायचा विचार आत्ता बाजूला ठेव गं, निदान दुसरी सेमिस्टर होऊ दे. पहिल्या महिन्यात जे ग्रुप होतात ना ते आवडीने कमी आणि भीतीने जास्त झालेले असतात, एकटं पडू नये म्हणून जो पहिला भेटला त्याला धरायचं, आणि पहिल्या परीक्षेनंतर त्यातले निम्मे ग्रुप आपोआप सुटतात, हे मी दरवर्षी बघितलंय. उशिरा आलेल्या मुलींना वाटतं दार बंद झालं. तसं नसतं.

आता करायचं काय. तुमच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस रोल नंबरने पडतात, म्हणजे तिथे कुणाचा तालुका चालत नाही. तणांचं हर्बेरियम, पुढे किडींचं कलेक्शन, ही कामं एकटीने करू नकोस. जाळी घेऊन बांधाबांधाने फिरायला, कागदात झाडं दाबायला, नावं शोधायला दोघीतिघी लागतातच. रोल नंबरने तुझ्या शेजारी जी असेल तिला सरळ विचार की रविवारी सकाळी जायचं का. मैत्री कर असं कुणाला म्हणता येत नाही पण चल फुलपाखरं पकडू असं म्हणता येतं, आणि रविवारही सरतो.

दुसरं म्हणजे मेस. तुमच्याकडे मेस मुलंच चालवत असतील तर मेस कमिटीत जा. कुणालाच नको असतं ते काम, भाजी आणायची, तेलाचे डबे मोजायचे, महिन्याचा खर्च पोरांमध्ये वाटायचा आणि वरून शिव्या खायच्या. पण सगळं हॉस्टेल तुला नावाने ओळखायला लागतं, सीनियर मुली येऊन विचारतात उद्या काय आहे गं. आणि तू बीडची, तुला तिकडचा भात आणि नारळाचं वाटण सोसत नसणार. मेसच्या मावशींना विचारून एखाद्या संध्याकाळी ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा करायचा बेत ठरव. मराठवाड्यातल्या आणि नगरकडच्या किती मुली अचानक उगवतात बघ. (रूमवर मात्र इंडक्शन लावू नकोस, वायरिंग जुनं असतं, रेक्टर उगाच ओरडत नाहीत.)

गाणं नाच येत नाही म्हणतेस. अगं युवा महोत्सव म्हणजे तेवढंच नाही. राज्यातल्या सगळ्या विद्यापीठांचा इंद्रधनुष्य महोत्सव असतो, कृषी विद्यापीठांचा देशपातळीवर अ‍ॅग्रीयुनिफेस्ट असतो, तिथे रांगोळी, पोस्टर, कोलाज, मातीकाम, व्यंगचित्र, वक्तृत्व, क्विझ, मूकनाट्य असं बरंच काही असतं. युवा महोत्सवांच्या नेहमीच्या नियमांत एकांकिकेला स्टेजवर नऊ जण चालतात, स्किटला सहा, माइमला सहा, आणि मागे लाइट, म्युझिक, मेकअप, प्रॉपर्टी बघणारे वेगळे. शहरातल्या मोठ्या कॉलेजात नाटकाच्या ग्रुपमध्ये शिरायलाच एक वर्ष जातं, तिथे ऑडिशनला रांग असते. तुमच्या बॅचला साठसत्तर जण असतील, त्यातले कितीतरी लाजणारे, म्हणजे जो तालमीला येऊन बसेल तो टीममध्ये. लहान कॉलेजचा हा फायदा मला फार मोठा वाटतो आणि मुलं तो वापरत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं. तू जा, नुसती प्रॉम्प्टिंगला बस, स्क्रिप्ट हातात धर. चार दिवसांनी कुणीतरी आजारी पडतं आणि मग ते पात्र कुणाला पाठ असतं सांग.

आणि एक, संध्याकाळी घरी फोन करतेस ना, तो जेवणाआधीच्या वेळात करू नकोस, त्याच वेळात बाकीच्या मुली पायरीवर बसून गप्पा मारतात. रात्री कर. महिनाभर हे सगळं करूनही रडू आवरत नसेल, झोप जेवण बिघडलं असेल, तर मात्र ते होमसिकनेसच्या पुढचं असू शकतं. तेव्हा रेक्टर मॅडमना सांग किंवा मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : पहिल्या वर्षाला एनएसएस नाहीतर एनसीसी घ्यावंच लागतं म्हणतात, सीनियर सांगतात एनएसएस घे, काहीच करावं लागत नाही. खरं आहे का?

उत्तर : काहीच करायचं नसेल तर कुठेही काहीच होत नाही रे. तुला डिफेन्समध्ये जायचं असेल, पहाटे परेड आवडत असेल तर डोळे झाकून एनसीसी, सी सर्टिफिकेट असलं की पदवीनंतर सैन्यात अधिकारी होण्यासाठी एनसीसी स्पेशल एंट्री हा वेगळा रस्ता असतो. नाहीतर एनएसएस. ही योजना 24 सप्टेंबर 1969 ला गांधीजींच्या शताब्दी वर्षात सुरू झाली, वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर. ते शिबिर चुकवू नकोस एवढंच माझं म्हणणं. गावातल्या शाळेत सतरंजीवर झोपायचं, सकाळी प्रभातफेरी, मग ओढ्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालायचा, रात्री गावकऱ्यांसमोर काहीतरी सादर करायचं. तुम्हा अ‍ॅग्रीवाल्यांना तर शेवटच्या वर्षी रावेला, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवाला, गावात जाऊन राहायचंच असतं, शेतकऱ्याशी कसं बोलायचं हे शिबिरातच कळायला लागतं, त्याआधी नुसती पुस्तकी भाषा येते तोंडात.

प्रश्न : आमच्या हॉस्टेलला रात्री बाराला 'इंट्रो' असतो. मान खाली, शर्टचं वरचं बटण बंद, सीनियरची नावं गावासकट पाठ. चुकलं तर उठाबशा. मारत कुणी नाही. सीनियर म्हणतात यानेच युनिटी येते, आम्हीही दिलाय. हे रॅगिंग का?

उत्तर : हो. मारलं नाही म्हणून ते रॅगिंग नाही असं होत नाही. महाराष्ट्रात 1999 पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, आणि शिक्षा झाली की कॉलेजातून काढून टाकतात, पाच वर्षं दुसऱ्या कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. तक्रार आली की सात दिवसांत चौकशी करायची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखावर आहे. युजीसीचे 2009 चे नियम आहेत, अ‍ॅडमिशनच्या वेळी तू आणि तुझ्या वडिलांनी जे प्रतिज्ञापत्र भरलं ते त्याचंच. हेल्पलाइन 1800-180-5522, दिवसरात्र चालू.

मला माहितेय तू फोन लगेच करणार नाहीस, कारण जेवायला त्याच मेसमध्ये जायचंय, नोट्स त्याच सीनियरकडून घ्यायच्यात, लहान कॉलेजात लपायला जागाच नसते. म्हणून एकट्याने जाऊ नकोस. सगळी फर्स्ट इयरची पोरं मिळून, तारीख वेळ लिहून, रेक्टरना किंवा ज्या सरांवर विश्वास आहे त्यांना भेटा, सर टाळाटाळ करतायत असं दिसलं तर मग हेल्पलाइन आहेच. आणि त्या युनिटीबद्दल सांगते. ज्या बॅचेसनी इंट्रो बंद केला त्यांनी त्याजागी सीनियर-ज्युनियर क्रिकेट, नाहीतर फ्रेशर्सच्या दिवशी सीनियरनी वाढायचं आणि ज्युनियरनी आधी जेवायचं असं सुरू केलं. ती मुलं वीस वर्षांनंतरही एकमेकांच्या शेतावर जातात येतात. उठाबशांची आठवण काढून कुणी कुणाकडे जात नाही. पुढच्या वर्षी तू सीनियर होशील, तेव्हा तुझ्यापासून हे बंद कर.

प्रश्न : माझी मुलगी हॉस्टेलवर आहे. मुलींना संध्याकाळी सातला आत यावं लागतं, मुलांना दहापर्यंत मोकळीक. नाटकाच्या तालमी सातनंतरच होतात, त्यामुळे तिला भूमिका मिळत नाही. मी पालक म्हणून बोलू का, की तिलाच त्रास होईल?

उत्तर : बोला, आणि लेखी बोला. बहुतेक पालक उलटच पत्र देतात, वेळ अजून अलीकडे आणा म्हणून, त्यामुळे तुमच्यासारखं एक पत्र आलं तरी रेक्टरचा हात बळकट होतो. लैंगिक छळ रोखण्यासाठी युजीसीचे 2015 चे जे नियम आहेत त्यात स्पष्ट म्हटलंय की सुरक्षेचं कारण सांगून मुलींच्या हॉस्टेलला मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लावू नयेत. त्याचा उल्लेख पत्रात करा पण पत्र भांडणाचं नको, तुम्हाला सोय हवीय.

मागायचं ते नेमकं मागा. तालमीची जागा मुलींच्या हॉस्टेलजवळची असावी, सोबत एखाद्या मॅडम असाव्यात, भाग घेणाऱ्यांची यादी गेटवर असावी, रस्त्यावरचे दिवे चालू असावेत, परत येताना सगळ्या एकत्र. किंवा तालमी साडेचार ते सात घ्या, मुलांनीही क्रिकेट सोडून तेव्हाच यावं, एवढं सोपं असतं कधीकधी आणि कुणी सुचवलेलंच नसतं. लायब्ररीसाठी परवानगी मिळत असेल तर तालमीसाठी का नाही हे मला आजवर समजलेलं नाही. आधी मुलीला विचारा मात्र, तिच्या संमतीशिवाय पत्र देऊ नका, आणि जमलं तर आणखी दोनतीन पालकांच्या सह्या घ्या म्हणजे एकटीचं नाव पुढे येणार नाही.

प्रश्न : आम्ही थर्ड इयर, यंदा गॅदरिंग आमच्याकडे आहे. मागच्या वर्षी फिशपाँडमध्ये एका मुलीच्या रंगावरून पडला, ती रडत निघून गेली, नंतर बरेच दिवस मेसला आली नाही. काही जण म्हणतात फिशपाँड बंदच करू, बाकीचे म्हणतात मग गॅदरिंगला मजा काय. पैसेही कमी आहेत.

उत्तर : हा प्रश्न तुम्हाला पडला याचं मला बरं वाटलं. फिशपाँड, कुठे शेलापागोटे म्हणतात, बंद करायची गरज नाही पण बॉक्स उघडून स्टेजवर थेट वाचणं बंद करा. तीन मुली दोन मुलं अशी समिती करा, त्यात फर्स्ट इयरचंही कुणी घ्या, आणि प्रत्येक चिठ्ठी आधी वाचा. रंग, वजन, उंची, जात, गाव, बोली, घरची परिस्थिती, कुणाची कुणाशी जोडी, यावरची चिठ्ठी सरळ फाडायची, कितीही हशा येणार असला तरी. राहतं काय मग? भरपूर राहतं. लेक्चरला झोपणारा, ट्रॅक्टर प्रॅक्टिकलला चिखलात ट्रॅक्टर रुतवणारा, मेसला सगळ्यात आधी ताट घेऊन उभा राहणारा, दुसऱ्याची जर्नल उतरवताना नावही दुसऱ्याचंच लिहिणारा. माणूस जे करतो त्यावर हसा, तो जसा जन्मला त्यावर नको. ज्याच्यावर सगळ्यात जास्त चिठ्ठ्या आल्यात त्याला आदल्या दिवशी विचारून घ्या, चालेल का रे. आणि मागच्या वर्षीच्या त्या मुलीकडे तुमच्यातल्या दोघीतिघींनी आधी जा, तिला झालेलं चुकीचं होतं असं स्पष्ट सांगा. समितीत येशील का तेही विचारा, नाही म्हणाली तर आग्रह नको.

पैशांचं म्हणाल तर डीजेवर सगळ्यात जास्त जातो, तो कापा. स्थानिक साउंडवाला, दोन चांगले माइक, बस झालं. स्टेजला कॉलेजच्याच नर्सरीतल्या कुंड्या, उसाची मोळी, केळीचे खुंट, शेवंती झेंडू तुमच्याच प्लॉटवरचे, फार्म सुपरिटेंडंटना रीतसर अर्ज देऊन घ्या. फायनल इयरची मुलं पहिली सेमिस्टर रावेच्या गावांत असतात, परतली की त्यांना आल्या आल्या कामं सांगू नका पण एक रात्र त्यांच्यासाठी ठेवा, गावात काय काय झालं ते त्यांनी सांगायचं. शक्य झालं तर ज्या शेतकऱ्यांनी त्यांना सांभाळलं त्यांनाही घरच्यांसकट जेवायला बोलवा, त्यासाठी जेवणाच्या आकड्यात आधीच पन्नासेक ताटं जास्त धरा. वर्गणी किती काढायची ते सगळ्यांसमोर ठरवा, ज्याला जमत नाही त्याचं नाव कुठेही लिहू नका, त्याला कामात घ्या. आणि हिशोब दुसऱ्याच दिवशी बिलांसकट नोटीस बोर्डावर लावा, उरलेले पैसे असतील तर पुढच्या बॅचच्या नावाने बँकेत, कुणाच्या खिशात किंवा पार्टीत नाही.