धाप लागणाऱ्या रुग्णाला चालते ठेवताना

सीओपीडीचा (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या फुफ्फुसविकाराचा) रुग्ण धाप लागते म्हणून चालणे टाळतो, त्यामुळे मांड्यांचे स्नायू झिजतात आणि मग तेवढ्याच अंतराला अधिक धाप लागते. हे चक्र पहिल्याच भेटीत समजावून सांगा, कारण व्यायामाने लागणारी धाप म्हणजे फुफ्फुसाला इजा नव्हे, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. सहा मिनिटांची चालण्याची चाचणी अवश्य घ्या, परंतु रोजचा वेग ठरवताना बोर्ग मापनावर (किती धाप लागते हे रुग्णानेच शून्य ते दहा या अंकांत सांगायचे) 3 ते 4 इतकी धाप, म्हणजे बोलता येते पण गाता येत नाही अशी अवस्था, धरून चला. रक्तातील ऑक्सिजनची पातळी 88 टक्क्यांखाली उतरल्यास व्यायाम थांबवा.

चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या स्त्रिया ‘घरची कामे काय कमी आहेत?’ असे विचारतात, आणि त्यांचे फारसे चुकत नाही. अशा वेळी व्यायामाचा तक्ता हातात देण्यापेक्षा कळशी उचलण्यापूर्वी नाकाने श्वास घेऊन, उचलताना ओठांचा चंबू करून तो सावकाश सोडायला शिकवा, आणि खुर्चीवरून हातांच्या आधाराविना उठबस करवून घ्या. बेडका पिवळा-हिरवा झाला किंवा धाप एकाएकी वाढली, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांकडे पाठवा.