सतराव्या शतकातल्या डच चित्रकारांनी देव-राजे सोडून साधी घरं का रंगवली?

मुख्य कारण गिऱ्हाईक. तिथल्या प्रोटेस्टंट चर्चला वेदीवर चित्रं नको होती, त्यामुळे ते मोठं काम बंद झालं. चित्रं घेऊ लागले ते व्यापारी आणि कारागीर, स्वतःच्या घरासाठी. डेल्फ्ट शहरातल्या एका बेकरीवाल्याकडे तर आज जगप्रसिद्ध असलेल्या व्हर्मीर या चित्रकाराची चित्रं होती!

पण नुसत्या बाजारानं अशी चित्रं होत नाहीत. पीटर द होखचं १६६० च्या सुमाराचं एक चित्र अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये आहे. पोर आईच्या मांडीत डोकं खुपसून बसलंय आणि आई त्याच्या केसांतल्या उवा काढतेय. मागे भिंतीतच केलेला पलंग. एक छोटं कुत्रं आपल्याकडे पाठ करून उघड्या दारातून पलीकडच्या खोलीतल्या उन्हाकडे बघतंय. बस्स, एवढंच. उवा काढण्याचं काम इतक्या मायेनं कुणी रंगवलेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

सगळीच घरं अशी नीटनेटकी नव्हती हं. यान स्टेननं सांडलवंड, गोंगाट, झिंगलेली मोठी माणसं रंगवली. पसाऱ्यानं भरलेल्या घराला डच लोक आजही ‘यान स्टेनचं घर’ म्हणतात.